पांढरं कोणतं?

कचरूनं आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. हातात नव्या गठ्ठ्यातून काढलेला कोरा कागद. उजव्यानं बघावं तर कागद जुन्या पेपरासारखा पिवळट, डाव्यानं बघावं तर चहा सांडून वाळल्यासारखा. कागद त्यानं पटकन प्रिंटरमध्ये सरकवला, जसं काय तो कागदच चारचौघांत चुगली करणार होता.

उस्मानपुऱ्यात अभयच्या स्टुडिओत कचरू फोटो उघडायचं काम करायचा. फोटो उघडायचा म्हणजे काय, हे तो गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगायचा. "कॅमेऱ्यानं जे बघितलं ते सगळं रॉ फाइलीत आसतंय, पण आळणी. तुमच्या मोबाइलवर ती धड उघडायची बी नाय. मी तिला इथं उघडतो, उजेड, रंग बशिवतो, आन् मंग अल्बमाजोगता फोटो काढून देतो." फर्दापूरकडचा हा गडी. रोलच्या जमान्यात अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुवायला शिकला, पुढं कॉम्प्युटर आला तर तोही शिकला. लग्नाचे फोटोग्राफर कॅमेऱ्याचं कार्ड त्याच्या टेबलावर टाकून निवांत चहाला जायचे. रंगाच्या बाबतीत कचरूचा डोळा म्हणजे काटा, असं बोललं जायचं.

त्याच डोळ्यानं आता दगा द्यायला सुरुवात केली होती.

रॉ फाइल उघडली की कॅमेऱ्यानं स्वतःच्या मतानं रंगवलेलं चित्र क्षणभर झळकतं, आणि लगेच सॉफ्टवेअर ते बाजूला सारून आपलं फिकं रूप पुढं करतं. पूर्वी कचरूला त्या एका क्षणात कळायचं, काय कमी आणि काय जास्त. आता दोन्ही रूपं पिवळीच. मग तो रंगाची पट्टी निळ्याकडं ढकलायचा. थोडी. अजून थोडी. त्याला पांढरं वाटेस्तोवर.

हळद-शालूच्या लग्नांत हे खपून गेलं. झेंडू, जर, कुंकू, त्या गर्दीत कोण बघतंय? पण वेरूळच्या मोनिकाचं लग्न आलं आणि घात झाला. बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, मागं पांढरा पडदा, पुढं पांढऱ्या लुगड्यांतल्या आयाबाया. चुकीला लपायला कुठं जागाच नाही.

मोनिकाची आजी केसरबाई नमुन्याचे फोटो पिशवीत घालून स्वतःच दुकानात आली.

"जयभीम, लेका. फोटू करणारा कचरू तूच का?"

"जयभीम, मावशी. मीच. बसा की."

"बसाया नाय आले. हे बघ. ही माझी नात हाय का थंडीनं काकडलेलं मढं?"

कचरूनं फोटो डोळ्यांजवळ नेला. त्याला तर तो झकास दिसत होता. साडी दुधासारखी, चेहरा टवटवीत. आपल्याला जे दिसतंय ते हिला दिसत नाही, आणि खरं काय आहे ते आपल्याला कळायचा रस्ताच नाही. त्यानं उसनं हसू आणलं.

"मावशी, निळा तर आपलाच रंग हाय!"

"झेंडा निळा आसतोय, रं. तोंड नव्हं."

काउंटरवर अभयला हसू फुटलं. उठून त्यानं फोटो बघितला आणि ते हसू जागीच विरलं. "कचरूभाऊ, ये क्या है? परवा जालन्याचं गिऱ्हाईक बी हेच बोलत होतं. मी म्हटलं, त्याचा मोबाइलच तसला असंल."

"मॉनिटर गेलाय," कचरू घाईनं म्हणाला.

अभयनं काउंटरवरचा मॉनिटर उचलून त्याच्यापुढं आणून लावला. "हा तर नवाच आहे. आता बघा."

बघायचं काय? मूळ फाइल उघडली, तर नव्या मॉनिटरवरही तेच हळदीचं पाणी. आता बोट दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

केसरबाईचा आवाज उतरला. "लग्न काय पुन्हा लावायचंय व्हय? फोटू कायमचाच बिघडला का?"

"नाय मावशी. रॉ फाइल बिघडत नसती. वरून कितीबी रंग फासा, मूळ जसंच्या तसं ऱ्हातंय. पुन्हा उघडायची, पुन्हा करायचं."

बोलता बोलता त्याला बाप आठवला. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन कुठल्याशा शिबिरात झालं. पट्टी सोडताना कचरूच शेजारी कंदील धरून उभा होता. आतून पू आला आणि तो डोळा पुन्हा उघडलाच नाही. फाइलीला मूळ असतं. डोळ्याला कुठलं मूळ? एकदा बिघडला की बिघडला.

सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो. फोटोतल्या पांढऱ्या गोष्टीवर तो टेकवला की मशीन बाकीचे रंग त्या हिशेबानं बसवतं. तो वापरणाऱ्यांना कचरूनं जन्मभर हिणवलं होतं, "डोळे गहाण टाकलेत का?" आज त्यानं गुपचूप तोच उचलला आणि फोटोतल्या केसरबाईच्या लुगड्यावर टेकवला.

"अरे बाप रे," मागून अभय म्हणाला, "आता तर सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झाली!"

"आरं, त्या लुगड्याला मी नीळ घातली हुती," केसरबाई म्हणाली. "चांगलं दोन डाव बुडवलं. नातीच्या लग्नात कुणी नावं ठिवू ने म्हून." मशीननं ते निळसर लुगडंच पांढरं धरलं आणि बाकी सगळ्यांवर पिवळं ओतलं होतं.

अभय हसला नाही. कचरूच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "भाऊ, बुरा मत मानो. उद्यापर्यंत हे जमलं नाही तर फोटो दुसऱ्याला द्यावे लागतील. पुढचं कामबी मग..." बाकीचं त्यानं गिळलं. कचरूला ते गिळलेलंही ऐकू आलं.

दुपारी त्याची बायको सत्यभामा डबा घेऊन आली. ती त्याच गल्लीत साड्यांना फॉल-पिको करायची. कचरू भाकरीला हात न लावता बसलेला बघून तिनं स्टूल ओढलं.

"कळलं मला. केसरबाई माझ्याच दुकानावरून गेली."

"मॉनिटर..."

"मॉनिटरला ठिवा बाजूला. तुम्हाला काळं रीळ आणाया धाडलं तर तुम्ही गडद निळं आणलं. एकदा नव्हं, दर बारीला. मी गप ऱ्हायले. म्हणलं, आज सांगत्याल, उद्या सांगत्याल."

कचरूला वाटलं भिंतीत शिरावं. आपण एवढं जपून लपवलं, आणि ही सगळं बघत होती.

तिनं पिशवीतून दोऱ्याची रिळं काढून स्क्रीनच्या कडेला मांडली. "ही दुधी. ही हस्तिदंती. ही मोतिया." मोतियाचं रीळ तिनं जरा वेळ हातातच धरलं. "तुमच्या डोळ्यात बी हाच उतरलाय. मोतिया."

मोतीबिंदू. शेवटी कुणीतरी तो शब्द उच्चारला होता. कचरूनं तिच्या हातातलं रीळ काढून पिशवीत टाकलं. "लोकांना कळलं तर मला कोण काम देईल? आन् ऑपरेशन केलं आन् बाबासारखं झालं तर?"

"तर मंग काय करायचं? आसंच लोकांची लग्नं निळी करीत बसायचं?"

कचरूनं ड्रॉपरची कावीळ पुसून आधीचा फोटो पुढं आणला आणि माउस धरला.

"पट्टी सरकवा," ती म्हणाली. "पिवळ्याकडं. अजून. अजून थोडी. आता थांबा... जरा मागं. हां, पडदा दुधी झाला. पोरीच्या गालावर रगत आलं बघा."

तिनं सांगितलं तिथं कचरू थांबला. त्याच्या डोळ्यांना तो फोटो साफ बिघडलेला, पिवळाजर्द दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला चूक दिसणारा फोटो त्यानं बरोबर म्हणून पक्का केला.

दुसऱ्या दिवशी केसरबाईनं फोटो उजेडात धरला आणि नातीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "ही माझी मोनी," एवढंच म्हणाली. अभयनं सुटकेचा श्वास टाकला. कचरूनं मात्र त्याला बाजूला घेतलं. रोज कुणाची रिळं उसनी आणणार?

"अभय, माझ्या डोळ्यात मोतिया हाय."

अभयनं एक स्टूल त्याच्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "पहले बोलना था ना, भाऊ. खुर्ची कुठं जात नाही. या करून."

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सनं डाव्या भुवईवर पेनानं खूण केली आणि थेंब टाकले. हळूहळू समोरची भिंत, बाक, माणसं सगळी उजेडात विरघळायला लागली. कचरूनं बाकाखाली हात घातला.

"सत्यभामे, माझ्या चपला?"

"माझ्या पिशवीत."

"काहून?"

"सकाळपून दोन डाव संडासच्या नावानं मोठ्या दरवाजापतूर जाऊन आलात. मला काय मोतिया झाला नाय."

"पट्टी सोडली तवा बाबाशेजारी मी हुतो, गं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमची सोडताना मी आसन."

आतून नाव पुकारलं गेलं. तो उठला. फरशी थंडगार. एक हात भिंतीला लावून, एक हात पुढं धरून तो चालत गेला. दारात कुणीतरी, बहुतेक नर्सच, त्याचं मनगट धरलं.

"काका, घाबरलात का?"

"लई," कचरू म्हणाला, आणि आत गेला.