माडीवरच्या अनसूयाताई

अनसूयाताई गेल्या त्याला आता महिना होईल. परवा गोदेच्या घाटावर ओळखीची एक बाई भेटली आणि म्हणाली, "शेवटी एकटीच गेली हो बिचारी..." ते 'बिचारी' मनात सलत राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

पंचवटीत आमच्या माडीवरच्या खोलीत त्या भाड्यानं राहत. दवाखान्यात नर्स होत्या. वडील लवकर वारले, पाठच्या बहिणींची लग्नं करून देता देता त्यांचं स्वतःचं राहून गेलं. दिवसभर हसतमुख असणाऱ्या या बाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती. एका पावसाळ्यात त्या हिवतापानं पडल्या. आम्ही सगळे लग्नाला परगावी गेलेलो. कोपऱ्यातल्या माठापर्यंत जायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. मी परत आले तेव्हा त्या माझा हात सोडीनात. "वहिनी, आता कुणीही चालेल. मला नवरा नकोय हो... खोलीत दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू यायला हवाय."

मग मीच नांदगावचं एक स्थळ काढलं. बिजवर, धान्याचे व्यापारी, स्वभावानं सज्जन. आमच्याच ओटीवर दोघं बोलली. ताईंनी सरळच विचारलं, "तुम्हाला लग्न कशासाठी करायचंय?" गृहस्थ जरा घुटमळले. "खरं सांगू? संध्याकाळी दुकान बंद केलं की घर खायला उठतं." ताई हसल्या. म्हणाल्या, "मलाही उठतं." जमलं, असं मला वाटलं. पण त्यांचा टांगा दिसेनासा झाला तशा ताई वळून म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, वहिनी. पण त्यांना काही मी नकोय, आणि मलाही ते नकोत. घरात कुणीतरी हवंय, एवढंच. तेवढ्यासाठी आयुष्य बांधून घ्यायचं?"

नकार कळवला आणि त्या दिवशी त्या पोटभर रडल्या. भीती काही गेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळचा चहा आमच्या स्वयंपाकघरात घेऊ लागल्या. "मी आले नाही तर वर येऊन बघायचं," असं मला बजावून ठेवलं. तशी कितीतरी वर्षं गेली.

त्या सकाळी चहा निवला तरी त्या आल्या नाहीत. मी जिना चढले. दाराला कडी लावलेली नव्हती. ताई कुशीवर झोपल्या होत्या, एक हात उशीखाली. चेहऱ्यावर भ्यायल्याची खूण नव्हती. मी लगेच कुणाला हाक मारली नाही... थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून राहिले.

खोलीला अजून भाडेकरू मिळालेला नाही. दुपारी सगळी निजली की मी वर जाते, खिडकी उघडते. दीर-जावा, मुलंबाळं यांनी भरलेल्या या घरात जे कुणाशी बोलता आलं नाही, ते मी इतकी वर्षं ताईंशी बोलत होते. आणि मला वाटायचं, मीच त्यांना सोबत करते आहे...

काल सासूबाईंनी विचारलं, "रिकाम्या खोलीत काय करतेस गं एकटी?"

"काही नाही," म्हटलं. "बसते."