गप वकील

शिरूरच्या कोर्टात आमच्या वकिलांचा पहिला शब्द ठरलेला असायचा. "गप." तोही समोरच्यानं नमस्कार करून तोंड उघडायच्या आत. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण सगळे त्यांना गप वकीलच म्हणायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या मालकांपायी. आमची मेंढरं दुसऱ्याच्या कांद्यात शिरली, शेतवाल्यानं शिवी दिली, मालकांनी काठी घातली. त्याच्या डोक्याला टाके पडले आणि मालकांना पोलीस घेऊन गेले. दौंडला रेल्वेत असलेले दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, पुण्याचा वकील करा." पुण्यात जाऊन मी कुणाशी काय बोलणार? मला दुकानात मीठ मागायलाही घाम फुटतो. शेवटी शेजारच्या हमीदाभाभी मला हाताला धरून शिरूरला घेऊन आल्या.

कोर्टाच्या आवारात वकील टेबलं मांडून बसले होते. एक म्हणाला, "उद्या सोडवतो." दुसरा म्हणाला, "आजवर एक केस हरलो न्हाई." कोपऱ्यात एक म्हातारे मात्र शेंगा फोडत बसलेले. भाभी कुजबुजल्या, "ह्ये काय बी इकत न्हाईत. ह्यांनाच धरू." त्यांनी तोंड उघडलं, लगेच "गप" ऐकलं. मग वकिलांनी माझ्याकडे बोट केलं. मी नुसता पोलिसांचा कागद पुढे सरकवला. तो वाचून ते म्हणाले, "ताई, सगळी माणसं तुमच्यावानी असती तर पोलीस आन् आम्ही, दोघंबी उपाशी मेलो असतो."

माहेरी आणि सासरी मला सगळे मुकी म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्याचं कौतुक केलं.

"मालक बोलत्यात का?"

"व्हय."

"किती?"

"लई."

त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात कायम खडीसाखर असायची. मालकांना कोर्टात आणलं तेव्हा ते छाती काढूनच आले. "वकीलसाहेब, मी खोटं बोलणार न्हाई. मारलाय, आन् परत..."

"गप." वकिलांनी एक मोठा खडा त्यांच्या तोंडात कोंबला. "ह्यो इरघळंपतूर त्वांड उघडायचं न्हाई." शेजारच्या हवालदारानंही हात पुढे केला, त्यालाही एक मिळाला.

जजसाहेबांनी विचारलं, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" मालकांनी फुगलेल्या गालांनी नाही म्हणून मान हलवली. बाकीचं वकील बोलले, आणि जामीन झाला.

बाहेर आल्यावर वकिलांनी उरलेली पुडी माझ्या हातात दिली. "निस्ता जामीन झालाय. केस चालू हाय तवर औषध तुमच्याकडं." तेव्हापासून माझ्या पदराच्या गाठीला खडीसाखर असते.

केस अजून चालूच आहे, वकील मात्र गेले. त्यांच्या दहाव्याला नदीवर सगळा तालुका जमला. जिवंतपणी त्यांनी गप केलेली माणसं त्या दिवशी मन भरून बोलून घेत होती. आमचे मालक कसे मागे राहतील? तेही उठले. "देवमाणूस! न्हाईतर ती काठी तर मी खरंच..."

समोर शेतवाल्याचे वकील कान टवकारून बसलेले.

"गप!"

बायकांतून कोण ओरडलं म्हणून सगळे वळून बघायला लागले. मीही बघणार होते, तेवढ्यात कळलं, मीच.

अख्खा घाट शांत झाला. मालक मुकाट्यानं खाली बसले आणि बसल्या जागेवरून त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पदराची गाठ सोडली.