न भरणारी टाकी

मुलगी बाळाला घेऊन दवाखान्यातून आमच्या घरी आली, त्याच आठवड्यात पंचायतीने सांडपाण्यासाठी जागा ठरवली. पिरनवाडीच्या पुढे आमची लहानशी वस्ती. गटारांचं पाणी आजवर ओढ्यात जात होतं, ते आता गायरानात अडवून शुद्ध करायचं होतं. खालच्या अंगाला आमची विहीर. बाळाची आंघोळ, त्याच्या आईचं पिणं, सगळं तिच्यावर. मी टेप लावून अंतर मोजलं. एकशे दहा फूट. मला ते फार कमी वाटलं, म्हणून पंचायतीत हरकत नोंदवली.

बैठकीत पंचायतीच्या इंजिनिअर बाईने समजावून सांगितलं. आधी टाकीत गाळ खाली बसणार, मग पाणी खडीच्या वाफ्यातून जाणार. वाफ्यात कर्दळ लावायची.

"आणि तळातून झिरपलं तर?" मी विचारलं.

"अण्णांचं बराबर हाय," शेजारचे आप्पा म्हणाले. "घाण गावाची, आणि भोग ह्यांच्या विहिरीला?"

"तळाला काँक्रीट आहे, झिरपणार नाही," ती म्हणाली. "म्हणून तर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागेल."

उपसावा म्हटल्यावर हशा पिकला.

"मग असली टाकी काय कामाची, बाई?" आप्पा म्हणाले. "माझ्या संडासाची टाकी पोराच्या बारशाला बांधली. आता त्येचं लगीन ठरलंय. एकदाबी भरली न्हाय!"

"आमचीबी न्हाय. मेस्त्रीच्या हाताला गुण असावा लागतो!" मागून कुणीतरी म्हणालं.

आमच्याकडे न भरणारी टाकी ही घराची शोभा. पाहुण्यालाही कौतुकाने सांगतात. मीही हसत म्हणालो, "आमचीही नाही."

घरी येताना सवयीने हिशेब केला. आमच्या संडासाच्या टाकीत साडेपाच हजार लिटर मावतं. पाच माणसांचं संडासाचं पाणी रोज दीडशे लिटर तरी. टाकीतून पाण्याला बाहेर जायची वाट नाही. म्हणजे ती दीड महिन्याच्या आत भरायला हवी होती. तळाशी नुसती तांबडी माती ठेवलेली. इतक्या वर्षांचं पाणी गेलं कुठे?

पुन्हा टेप घेतला. आमच्या टाकीपासून विहीर अडतीस फूट, तीही उताराला.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याची बाटली भरून बेळगावला तपासायला दिली. बाळाला जरा पातळ शी झाली तरी मी अहवालासाठी फोन लावी. पाणी उकळायला सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आजवर कुणाला काय झालंय?" बाळ मात्र आजवर या घरात नव्हतं.

अहवाल यायच्या आतच बाळंतिणीने विहीर पुजायचा दिवस आला. मुलीने काठाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, घागर भरली. बायकोने ओंजळ पुढे केली. "घोटभर घे गं. गंगा हाय ती."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आई, डोळ्याला लावते. अण्णांचं तोंड बघ की जरा."

बायकोने ओंजळ विहिरीत सोडली आणि माझ्याकडे न बघता घराकडे निघाली.

घागर स्वयंपाकघरात तशीच झाकून ठेवली आहे, अहवाल अजून आलेला नाही. गायरानाबद्दलची हरकत मी मागे घेतली, आणि नव्या टाकीची पहिली जोडणी आमच्या संडासाला द्या म्हणून सांगून आलो. आप्पांना अजून काही बोललो नाही. त्यांची टाकी आमच्याही वरच्या अंगाला आहे.