आमच्या खिळ्यावरची चाबी

आमची सून चंद्रकला आशा कार्यकर्ती आहे. गावात कोणाला दिवस गेले की नवऱ्याच्या आधी हिला कळते, असं मी म्हणतो आणि ती माझ्यावर डोळे वटारते. मध्य प्रदेशात, मोहगावपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. कापूस, तूर आणि संत्री. अकरा वर्षं झाली तिला या कामात. एकदा पोलिओच्या दिवशी गुणवंताची साडेतीन वर्षांची नात कडब्याच्या गंजीवर चढून बसली. बाप बोलावून थकला, आजा थकला. चंद्रकलानं पदर खोचला, डबा काखेत घेतला, गंजीवर चढली, पोरीच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि तिला घेऊनच उतरली. अशी बाई. म्हणून जेव्हा ती एका प्रश्नाला घाबरली, तेव्हा मला नवल वाटलं.

झालं असं की मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी सौसरला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. विषय मनाच्या आजाराचा. आशा होत्या, अंगणवाडीच्या बाया होत्या, दोन मास्तर, समाजकार्य शिकलेली चार पोरं-पोरी आणि पोलीस ठाण्यातला एक शिपाईसुद्धा. शिकवणाऱ्या दिपाली मॅडम. कागद सारे हिंदीत, पण बोलणं आपल्यासारखं. चंद्रकला रोज संध्याकाळी येऊन मला सांगे, कारण घरात ऐकायला रिकामा माणूस मीच.

तिसऱ्या दिवशी जोड्या पाडल्या. एकानं आजारी व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. चंद्रकलाच्या वाट्याला तो शिपाई आला, भूपेंद्र नावाचा. आधी त्याची पाळी. त्यानं सवयीनं वहीच काढली. "नाव? बापाचं नाव? मरायचा विचार केव्हापासून?" सारा हॉल हसला.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भूपेंद्रभाऊनं विचारलं तरी. आता चंद्रकलाताई, तुम्ही."

चंद्रकलानं झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग अडकली. "भाऊ, मनात काही... असंतसं येते का?"

"असंतसं म्हणजे काय?" मॅडमनं विचारलं.

हिच्या तोंडून शब्द निघेना. तिचा तरी काय दोष? आपल्याकडे निघणारा माणूस "येतो" म्हणून जातो. बांगडी फुटली तर वाढवली म्हणतात. दुसऱ्याच्या घरात बसून मरणाचं नाव काढलं तर त्या घरची म्हातारी झाडू घेऊन मागं लागेल. मॅडमनं समजावलं, की विचारल्यानं कोणाच्या मनात तो विचार शिरत नाही. शिरलेला असला तर बाहेर येतो, आणि माणसाला वाटतं, चला, कोणीतरी विचारलं. पण विचारायचं सरळ. आडून विचारलं तर उत्तरही आडूनच येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यामागं दात घासून राहिलो होतो. आतून सुनेचा आवाज आला, "मरून जावंसं वाटते का?" माझी दातवणाची काडी खाली पडली. आत पाहतो तर ही बकरीचं दूध काढून राहिली.

"बाई, बकरीनं तुझं काय घोडं मारलं?"

"मामाजी, सराव करून राहिली. तुम्ही जा बरं तिकडं."

बकरीला आठ दिवस रोज विचारलं. बकरी काही बोलली नाही, पण चंद्रकलाची जीभ सैल झाली.

आता शकुबाईचं सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर; पंधरा एकर, संत्र्याची तीनशे झाडं. मुलगा गजेंद्र, सून सुचिता. शकुबाईच्या कमरेला चाब्यांचा जुडगा; कोठी, कपाट, मोटारघर, फवारणीच्या औषधांची खोली, साऱ्या घराच्या चाब्या त्यात. ती गल्लीत यायच्या आधी जुडग्याचा आवाज येई आणि मागून तिचं रागावणं. कोणाची गाय मोकाट, कोणाचा नळ वाहता, सारं तीच पाही. त्या दसऱ्यापासून आवाज बंद झाला. बाई ओट्यावर बसून राहायची. गायी खुशाल फिरायच्या. लोक म्हणत, घरी सारं आहे, पोरगा गुणी आहे, हिले काय कमी आहे? गजेंद्रही तेच म्हणे.

चंद्रकलाला मात्र प्रशिक्षणातलं आठवलं. ती त्यांच्या घरी गेली, शिकवल्याप्रमाणे दार लोटलं, समोरासमोर बसली, झोपेचं-जेवणाचं विचारलं आणि खरा प्रश्न दुसऱ्या खेपेला ठेवला. इथंच चूक झाली. गावात आशा कोणाच्या घरी गेली आणि दार लोटलं, तर त्याचा एकच अर्थ. संध्याकाळी गिरणीवर बायांनी सुचिताचं अभिनंदन केलं. एकीनं तिच्या हातात चिंच ठेवली. सुचिताचा धाकटा सातवीत!

दुसऱ्या खेपेला शकुबाईनं दारातूनच सांगितलं, "तू येऊ नको वो चंद्रकला. तू आली की गाव बारशाची तयारी करते."

पुढचं मला शकुबाईनंच नंतर सांगितलं, आणि लिहायचं तर माझ्या नावासकट लिहा, असंही सांगितलं. म्हणून लिहितो.

नोव्हेंबरात त्यांच्या वावरात कापसाची वेचणी लागली. चंद्रकला मोकळ्या दिवशी वेचायला जाते. त्या दिवशी तिनं मुद्दाम शकुबाईच्या शेजारची ओळ धरली. वेचणीत कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. डोळे बोंडावर, हात चालू, पाय पुढं. बाकीच्या बाया दूर गेल्या, कारण शकुबाईचा हात मंदावला होता. चार-सहा झाडं वेचून झाली.

मग चंद्रकलानं बोंड वेचता वेचता विचारलं, "काकूजी, मरून जावंसं वाटते का?"

शकुबाई सांगते, तिचा हात जागेवर थांबला. दसऱ्यापासून साऱ्यांनी काय होते, काय कमी आहे, असंच विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"वाटते," ती म्हणाली.

"कसं, तेही मनात ठरवलं का?"

शकुबाईचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला. चंद्रकला पाहून समजली. घाबरली असेल, पण ओळ सोडली नाही.

"काकूजी, औषधाच्या खोलीची चाबी मले द्या."

"वा! सासूनं माझ्या हातात दिलेला जुडगा. सुचितालेबी नाही दिला. तुले देऊ?"

"जुडगा नाही मागत. तो तुमचाच. ही एक द्या. तुमाले बरं वाटलं की वापस. अन् गजेंद्रभाऊले सांगावं लागते, तुमच्यासमोर सांगीन. बाकी गावात कोणाले नाही."

शकुबाई नाही म्हणाली. दुपारची भाकर खाऊनही नाही म्हणाली. चंद्रकलानं वाद घातला नाही, फक्त तिच्याच चालीनं शेजारी वेचत राहिली. तिची स्वतःची वेचणी त्या दिवशी निम्मीही झाली नाही. सूर्य कलला, बायांनी गाठोडी बांधली. तेव्हा शकुबाईनं जुडग्याची कडी दातानं उघडली आणि ती चाबी काढून दिली.

त्या दिवसापासून चाबी आमच्या घरी, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खिळ्यावर. फवारणी असली की गजेंद्र सकाळी आमच्या मोहल्ल्यात यायचा, चाबी न्यायचा आणि काम झालं की आणून द्यायचा. पंधरा एकरवाला माणूस आमच्या दारात चाबी मागतो, हे गावाला पचेना. कोणी म्हणे, मजूर औषध चोरतात. कोणी म्हणे, खोली चंद्रकलानं विकत घेतली. मी म्हटलं, "बाई, मले तरी सांग."

"मामाजी, तुमाले सांगितलं तं सौसरच्या बसस्टँडपर्यंत पोचते."

खोटं कसं म्हणू?

गजेंद्र आईला घेऊन तीनदा छिंदवाड्याला मोठ्या दवाखान्यात गेला. जामसांवलीलाही शनिवारी मारुतीच्या दर्शनाला नेलं. चंद्रकलानं नको म्हटलं नाही. मॅडमनं शिकवलं होतं, की देवळातून कोणाला ओढून आणू नका. म्हणा, तिथंही जा आणि डॉक्टरकडेही या. दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होऊन दहाव्या दिवशी शकुबाईनं त्या बंद करायचं काढलं. म्हणे, तोंड कोरडं पडते आणि फरक काही नाही. चंद्रकला पुन्हा वेचणीच्या ओळीत शेजारी. "तीन आठवडे लागतात काकूजी. पऱ्हाटी पेरली की दुसऱ्या दिवशी बोंड पाहाले जाता का?"

संक्रांत गेली. फेब्रुवारीत एका सकाळी मी अंगणात चहा पिऊन राहिलो होतो, तर गल्लीतून जुडग्याचा आवाज आला. शकुबाई दारात उभी.

"चंद्रकला, चाबी दे. संत्र्यावर कोळशी पडली, फवारणी आहे."

सून हात पुसत बाहेर आली. खिळ्याकडे गेली नाही. माझ्याकडे पाहून अडली, पण शकुबाईनंच "बसू दे दादारावभाऊले" म्हटलं, तेव्हा माझ्या देखत तिनं विचारलं, "काकूजी, मरून जावंसं वाटते का अजून?"

माझा चहा बशीत सांडला. तीन महिन्यांचं कोडं मला त्या एका प्रश्नात उलगडलं.

"संक्रांतीपासून नाही," शकुबाई म्हणाली. "त्याच्या आधी एकदा वाटलं, तवा तुलेच फोन केला होता. आता दे."

"डॉक्टर अजून गोळ्या चालू ठेवा म्हणतात ना? तं चाबीबी राहू द्या. फवारणीले गजेंद्रभाऊले पाठवा."

मग जे सुरू झालं! माझ्या घरची चाबी, माझी खोली, तू कोण मले सांगणारी, काल तुझी बकरी माझ्या पऱ्हाटीत होती, अन् हे दादारावभाऊ बसले चहा पीत, सुनेले दोन शब्द समजावून सांगत नाहीत! पाव तास बाई थांबली नाही. अर्धी गल्ली दारात आली. चंद्रकला उभी राहून ऐकत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती. दसऱ्यापासून गावानं हे रागावणं ऐकलं नव्हतं.

शेवटी शकुबाई दमली आणि ओट्यावर बसली. चंद्रकलानं चहा दिला.

"किती दिवस ठेवशील?"

"डॉक्टर म्हणतील तोवर. अन् मी विचारत राहीन."

"विचार," शकुबाई म्हणाली. चहा पिऊन उठली आणि आत डोकावून पाहिलं. "पण तो खिळा किती गंजलाय, पाहा. माझी चाबी खराब होते. दादारावभाऊ, नवा ठोका."

त्याच दुपारी मी नवा खिळा ठोकला. चाबी अजून तिथंच आहे. काल गजेंद्रनं नेली आणि संध्याकाळी आणून दिली.