मावशीच्या कॉम्प्युटरमधला गणवेश

मावशीबद्दल गल्लीत एक आवई आहे. तिच्या फोटो स्टुडिओत म्हणे सैनिकांच्या खऱ्या गणवेशांनी गच्च भरलेलं कपाट आहे. साफ खोटं! गणवेश एकच आहे, तोही कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याला डोकं नाही.

घरमालकाच्या जावयाने नाटकासाठी गणवेश भाड्याने आणला, ऐटीत कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि तो न्यायला काही फिरकला नाही. मावशीने त्याचं मुंडकं उडवलं, बोटातली अंगठी पुसली, धड ठेवून दिलं. तेव्हापासून कुणाचेही काका-आजोबा आणा. जुन्या फोटोतलं तोंड कापायचं, धडावर बसवायचं, गळ्याशी जराशी सावली. "मान जुळली की माणूस जुळला," ती म्हणते. जावयाच्या जिवावर निम्मं गाव लढून आलंय.

गावात युद्धस्मारक बांधून होत आलं, तसं स्मारक समितीने लढून परतलेल्यांचं सन्मानपुस्तक काढायला घेतलं. फोटो अर्थात मावशीकडे. त्यात तिचे वडीलही, म्हणजे माझे आजोबा. त्यांचा उजवा हात युद्धात कोपरापासून गेला. त्यांना मात्र तिने धडावर चढवलं नाही. खुर्चीत बसवून आहेत तसे टिपले. आजोबांनी शर्टाला इस्त्री करून घेतली होती, रिकाम्या बाहीलासुद्धा.

पुस्तक छापायला जायच्या आठवडाभर आधी समितीचे अध्यक्ष आले. दर वाक्याआधी "काय आहे ना ताई" आणि दर वाक्यानंतर घशात मोटारसायकल सुरू केल्यासारखं खाकरणं.

"काय आहे ना ताई, सगळी पानं एकसारखी हवीत. ख्रर्रहं. यांचं तेवढं वेगळं दिसतंय."

"हात नाहीये त्यांना."

"तेच म्हणतोय. लावून टाका."

"अहो, तो युद्धातच गेलाय!"

"म्हणूनच तर सन्मान करतोय ना आपण! ख्रर्रहं."

मला हसू फुटलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच अडकलं.

ती खूप भांडली. सचिवांना फोन केला, छापखान्यात जाऊन बसली. शेवटी अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "नसेल जमत तर ते पान वगळू." आणि इकडे आजोबा रोज विचारायचे, "पुस्तक आलं का गं?"

मावशी कॉम्प्युटरसमोर बसली. आजोबांचं तोंड कापलं. जावयाच्या मानेवर ते चटकन बसलं. सावली द्यायला तिने फार वेळ घेतला. मधेच उठून तोंड धुऊन आली.

उद्घाटनाच्या दिवशी पुस्तकं वाटली. आजोबा पहिल्या रांगेत, आम्ही मागे. मी कुजबुजले, "पान उघडलं की फेकतायत बघ अध्यक्षांच्या अंगावर. पैज!"

"नाही फेकणार," मावशी म्हणाली.

"लावतेस?"

"लावते. हरलीस तर स्टुडिओतला पडदा धुवायचा."

आजोबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं, डाव्या हाताने पानं उलटली. स्वतःचं पान आल्यावर चष्मा कपाळावर ढकलला आणि पुस्तक डोळ्यांशी नेलं. मग ते परत मांडीवर ठेवून एका बोटाने फोटोतला उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपला, बोटं एकेक करून पाहिली. मागे वळले. चेहरा असा खुललेला की मला बघवेना.

"अगं, हात किती छान आलाय गं!"

"हो बाबा," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, "पडदा उद्या काढ."