किती जणांची चूल

नवं राज्य झालं न् माह्या पोराची बदली रायपूरले झाली. सरकारी क्वार्टर मिळालं, मागं ऐसपैस आंगण. मी म्हटलं, इथं चूल पाहिजेच. गॅसवरची भाकरी म्हणजे कागद चावल्यासारखी, बाप्पा! पोरगा आधी टाळाटाळ करे. शेवटी वैतागून म्हणाला, "तुले पाहिजे ना आई? बसवू."

शेजारच्या दीदीले मी मात्र वेगळंच सांगतलं. "पोराचं माह्या हातच्या चुलीवरच्या भाकरीशिवाय पोटच भरत नाही. म्हणून चूल बसवून राहिला." फुशारकी मारली नाही तर मले अन्न पचत नाही.

गावातल्या गुढियारी मोहल्ल्यातून मिस्त्री आला, विटा न् धुराचा पाइप घेऊन. दीदी भिंतीवरून पाहून राहिली होती. मिस्त्रीनं जागा मोजली न् माह्या सुनेले विचारलं, "कतका झन बर?" किती जणांसाठी, म्हणजे एका तोंडाची का दोन तोंडांची, एवढंच त्याले पाहिजे होतं. सुनेले मराठी समजते, पण बोलते हिंदीच.

"बस, मम्मी के लिए," ती म्हणाली. "हम लोग तो गैस पे ही खाते हैं."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, खरं तेच बोलली बिचारी. पण घरात दुसरी चूल मांडली म्हणजे काय, हे का कोणाले सांगा लागते? मिस्त्रीचा हात थांबला. "अलग राँधहू का, दाई?" त्यानं मले हळूच विचारलं, कीव आल्यासारखं. वेगळं रांधणार का आई, म्हणे! दीदी एकाएकी दोरीवरचे कपडे चाचपू लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मले.

पण गप्प बसणारी मी नाही. "काहून अलग?" मी ओरडली. "दोन तोंडांची बसव! सारं घर जेवते माह्या चुलीवर!" सून माह्याकडं पाहतच राहिली.

चूल दणदणीत झाली. रोज मी ढीगभर भाकरी थापू लागली. सून माह्या मनासाठी एखादी खाये. पोरगा डबा घेऊन केव्हाच ऑफिसले गेलेला. उरलेल्या मी मागच्या गल्लीत जाऊन गाईले घालो, कोणी पाहू नये म्हणून. न् दीदीनं विचारलं की सांगो, "पोरगा इथंच बसून खाते, तव्यावरची गरमागरम." एकदा बोलली, मग रोजच बोलणं आलं.

एका रविवारी पोरगा मागं नळ दुरुस्त करून राहिला होता. भिंतीवरून दीदी म्हणाली, "भैया, अम्मा बताती हैं, आप रोज यहीं बैठके रोटी खाते हो!"

मी परातीतून डोकंच वर केलं नाही. आता हा म्हणते, "कोण, मी?"

त्यानं पान्यानं नळाचा एक आटा आवळला. मग तो म्हणाला, "हव दीदी, रोज."

पाना खाली ठेवून तो हात धुऊन चुलीपाशी येऊन बसला. मी ताट वाढलं. "चांगली झाली, आई," म्हणाला, दीदीले ऐकू जाईल असं. माह्याकडं पाहून नाही, ताटाकडं पाहून.

दीदी घरात गेली. मी म्हटलं, "ऊठ आता. कोणी नाही पाहून राहिलं."

"अजून एक वाढ," तो म्हणाला.

मले इतकी लाज वाटली, की भाकरी हातातच राहिली.