कोव्हलेट्सची एकुलती तबकडी

हॉथॉर्नमधल्या डेलबर्ट यॅन्सीच्या घरात बसायला खुर्ची एकच होती. बाकी जागा रेकॉर्डनी व्यापलेली. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो एकाच गोष्टीमागे लागला होता. सर्फिंगच्या गाण्यांची चलती असताना, पोरांच्या बँडांच्या गर्दीत एखाद-दुसरं गाणं गाऊन विसरल्या गेलेल्या मुलींच्या रेकॉर्ड.

टॉरन्सच्या रविवारच्या बाजारात विक्रेता मॅनी ऑर्टेगा त्याला छेडायचा.

“काय रे यॅन्सी, तुझ्या बायका बऱ्या आहेत ना? बोलतात का तुझ्याशी?”

“न बोलणाऱ्याच बऱ्या.”

त्यातली सगळ्यात दुर्मीळ ‘कोव्हलेट्स’ची. लोमिटाच्या दोन बहिणी, साल १९६३. कंपनीने त्यांची रेकॉर्ड बाजारात आणलीच नाही. उरली ती नमुना म्हणून कापलेली मऊ लाखेची तबकडी. अशी तबकडी वाजवली की सुई दर वेळी तिला थोडं खरवडते आणि आवाज झिजत जातो. टेप केली, तर नकला काढणारे टपलेलेच असतात. म्हणून संग्राहक टेपही करत नाहीत. यॅन्सीने ती एकदाच ऐकली होती, खरी आहे ना एवढं पाहण्यापुरती.

१९९५च्या वसंतात, मॅनीकडून पत्ता घेऊन, एक बाई पिशवीभर लिंबं घेऊन दारात आली.

“मिस्टर यॅन्सी, मी आर्डिस. कोव्हलेट्समधला जाडा आवाज माझा. बारीक माझ्या बहिणीचा, जोनेलचा. ती जानेवारीत गेली. एकदा ऐकवाल?”

“ती मी वाजवत नाही, बाई.”

“मग ठेवलीत कशाला?”

यॅन्सीने तिला खुर्ची दिली, तबकडी लावली आणि स्वतः खोक्यावर बसला.

गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी कोणीतरी खुदकन हसलं.

“ऐकलंत? जोनेल! मी तिच्या पायावर पाय दिला होता. पुन्हा लावा ना.”

त्याने पुन्हा लावली. तिसऱ्यांदा तिने मागितल्यावर, आजवर कधी केलं नव्हतं ते करायला, त्याने टेपरेकॉर्डर काढला.

“टेप करून देतो.”

“नको. घरात असली तर दिवसभर तेच ऐकत बसेन. मला नातवंडांना शाळेत सोडायचं असतं.” ती थांबली. “पण अजून एकदा?”

त्याने टेपरेकॉर्डर परत ठेवला आणि सुई टेकवली.

संध्याकाळपर्यंत बारीक आवाज खरखरीत बुडाला. हसू ऐकूच येईना. आर्डिस मात्र नेमक्या त्या जागी हसत होती.

ती परत आली नाही. यायचं कारणही उरलं नव्हतं.

रविवारी मॅनी म्हणाला, “जपानहून एक गिऱ्हाईक आलंय, कोव्हलेट्ससाठी. काय सांगू?”

“संपली म्हण.”

“विकलीस?”

“वाजवली.”

“डोकं फिरलंय तुझं.”

त्या दिवशी यॅन्सीने बाजारातून एकही रेकॉर्ड घेतली नाही. शेजारच्या गाळ्यावरून एक घडीची खुर्ची घेतली. ही हकिकत ऐकायला मी त्याच्याकडे गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून होती, मिटलेली. मला त्याने आपली दिली आणि स्वतः पुन्हा खोक्यावर बसला.